गाठ फोडू नकोस, दाखव

अगं, आधी ती सुई बाजूला ठेव. बाभळीचा काटा काढून ठेवला असशील तर तोही टाकून दे. बोटाच्या शेवटच्या सांध्यापाशी, नखाच्या थोडं अलीकडे, तुरीच्या दाण्याएवढी चकचकीत गाठ आली की सगळ्यांचा हात तिकडेच जातो. कातडी पातळ, आत पाणी असल्यासारखं दिसतं. शेजारीण म्हणते, "फोडून टाक ना वो, काऊन ठेवून रायली?" आणि फोडली की खरंच बरं वाटतं. जाड, चिकट, काचेसारखा स्वच्छ रस निघतो, गाठ बसते. काही आठवड्यांनी तिथंच पुन्हा वर येते.

पुन्हा आली तर येऊ दे, त्याचं फार काही नाही. भीती दुसरीच आहे. ती गाठ कातडीखाली सुटी बसलेली नसते. तिला एक बारीक देठ असतो आणि तो देठ थेट सांध्यात उतरतो. म्हणजे तू वरून टोचलंस की शेणामातीच्या, भांडी घासण्याच्या, कोंबड्या हाकलण्याच्या हातावर सांध्याच्या आतपर्यंत जाणारी वाट उघडलीस. सांध्यात पू झाला तर आतली गुळगुळीत कूर्चा थोड्या दिवसांत खराब होऊ शकते, आणि मग ते बोट जन्मभर ताठ राहतं. एवढ्याशा गाठीपायी एवढं मोठं नुकसान करून घ्यायचं कशाला?

दुसरं म्हणजे बिब्बा. आपल्याकडे जंगलात बिब्ब्याला तोटा नाही, आणि गाठ दिसली की बिब्ब्याचं तेल लावायचं हे प्रत्येक घरातल्या म्हातारीला ठाऊक असतं. या गाठीवर लावू नकोस. तिच्यावरची कातडी आधीच पातळ झालेली असते. बिब्बा उतला की फोड येतो, कातडी सोलवटते आणि गाठ आपोआप उघडी पडते. रुईच्या चिकाचंही तेच. घोड्याचा केस बांधणं तर चामखिळीसाठी सांगतात, आणि ही चामखीळ नाहीच. मला जंगलातल्या औषधांचा राग नाही, आपण त्यांच्यावरच वाढलो. पण ही दुरुस्ती सांध्याच्या आत करायची असते, आणि कोणतंही पान किंवा चीक तिथं पोचत नाही.

डॉक्टर हिला म्युकस सिस्ट म्हणतात, कुणी मिक्सॉइड सिस्ट म्हणतं. नावाला घाबरू नकोस, हा कॅन्सर नाही. मनगटावर येणारा गँगलियन हिचाच भाऊबंद. होतं असं की वय वाढलं, सांधा झिजला, की हाडाच्या कडेला बारीक टोक वाढतं. ते टोक सांध्याच्या आवरणाला घासत राहतं. आवरण कमजोर पडलं की सांध्यातलं वंगण त्यातून बाहेर झिरपतं आणि कातडीखाली साठतं. नुसती गाठ काढायची आणि हाडाचं टोक तसंच ठेवायचं, हे झरा न बुजवता डबकं उपसण्यासारखं आहे. हे वाक्य लक्षात ठेव, पुढे डॉक्टरांशी बोलताना कामाला येईल.

बायकांना ही गाठ पुरुषांपेक्षा जास्त होते, आणि बहुतेक चाळिशी-पन्नाशीनंतर. आपल्या मायची बोटं आठव. शेवटची पेरं जाड, बाजूला किंचित वळलेली, अंगठी उतरता उतरत नसे. अशा गाठाळलेल्या सांध्यांना हेबर्डनच्या गाठी म्हणतात. विल्यम हेबर्डन हे अठराव्या शतकातले इंग्रज डॉक्टर. त्यांच्या मृत्यूनंतर, 1802 मध्ये छापल्या गेलेल्या टिपणांत त्यांनी या गाठींचं वर्णन केलंय, आणि यांचा गाऊटशी संबंध नाही हेही तेव्हाच लिहून ठेवलंय. तरी आज दोनशे वर्षांनी बोटाचा सांधा दुखला की कुणीतरी आधी युरिक ॲसिड वाढलंय म्हणून मोकळं होतं. तपासणी जरूर कर, पण न तपासता वर्षानुवर्षं गोळ्या गिळू नकोस. हा झिजेचा आजार घराण्यात उतरतो. मायला होता, मला आहे, तुला दिसायला लागलाय. त्यात आपलं काही चुकलं असं नाही.

तुझ्या नखावर मधोमध उभी पन्हळ पडलीय, ती बघितलीस? कित्येक बायका नेमक्या त्यासाठीच आधी मेडिकलमध्ये जातात आणि बुरशीचं मलम घेऊन येतात. बुरशी नसते ती. नख जिथून उगवतं त्या मुळावर गाठ दाबून बसलेली असते, म्हणून नख खाचेसकट वाढतं. कधीकधी तर गाठ दिसायच्या आधी ही खाचच दिसते.

आता घरातल्या लोकांना सांगितलं का, असं विचारलं तर तू म्हणशील, एवढ्याशासाठी कशाला. हे वाक्य मी आपल्या भागात इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की मला त्याची चीड येते. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या 650 बायका तपासल्या होत्या. 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये ते संशोधन छापून आलं आणि जगभर गाजलं. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी तशी तपासणी कधीतरी झालेल्या बायका होत्या फक्त 8 टक्के. म्हणजे दुखणं होतंच. दाखवायची पद्धत नव्हती. ते दुखणं झाकलेलं तरी होतं. तुझी गाठ तर उघड्या हातावर आहे, भाकर वाढताना सगळ्यांना दिसते, तरी दाखवायला तू दोन वर्षं लावलीस.

आणि एक गोष्ट तू मला सांगितली नाहीस, पण मला कळली. कुणीतरी बोललं म्हणे, बोटाला काय झालं हिच्या, महारोग तर नाही? आपल्या जिल्ह्यांत ही कुजबूज फार लवकर होते, कारण आजारही इथला आहे आणि त्याची भीतीही. बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती काढली ती याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याला. आनंदवनात बोटं झडलेल्या माणसांनी विणलेलं, सुतारकाम केलेलं आपण विकत आणतो, आणि तरी घरी येऊन कुजबुजतो. ऐक नीट. कुष्ठरोग नसांवर हल्ला करतो. त्याची खूण म्हणजे बधिर चट्टा, भाजलं तरी न कळणं, बोटं आकडणं. तुझ्या गाठीला टोचलं तर तू ओरडतेस. ही गाठ कुणाला लागत नाही. पण अंगावर कुठे बधिर फिकट किंवा लालसर चट्टा असेल तर तोही त्याच खेपेला दाखव. त्याचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि वेळेवर घेतलं तर बोटं शाबूत राहतात. बोलणारीला काय उत्तर द्यायचं ते माझ्यावर सोड.

आता महत्त्वाचा प्रश्न, काढायचीच का? दर वेळी नाही. दुखत नसेल, कातडी जाड असेल, कामात आडवी येत नसेल तर राहू दे. काही गाठी आपणहून बसतात. डॉक्टरांना एकदा दाखवायची, एक्स-रे काढायचा, आणि मग सोडून द्यायची. टॉर्च लावली तर गाठीतून उजेड आरपार जातो, म्हणजे आत पाणी आहे हे कळतं. उजेड गेला नाही, गाठ घट्ट असली, काळपट रंगाची असली, किंवा नखाखाली थंड पाण्याने एकदम कळ मारत असली, तर ती दुसरीच काहीतरी असू शकते आणि मग लवकर बघायला हवं. म्हणून दाखव म्हणते. काढ असं अजून म्हटलेलंच नाही.

काहीजण सुईने रस काढतात, सोबत इंजेक्शनही देतात. दवाखान्यात, निर्जंतुक सुईने केलं तर हरकत नाही. काहींचं तेवढ्यावर भागतं, पण बऱ्याचदा गाठ परत भरते. तुझं मात्र मला काढण्यापर्यंत आलेलं दिसतं. कातडी इतकी पातळ झालीय की भांडी घासताना दोनदा फुटली. प्रत्येक फुटणं म्हणजे सांध्याला धोका. कापण्याचा निर्णय अशाच वेळी घ्यायचा, दिसायला वाईट दिसतं म्हणून नाही. (दिसायला वाईट दिसतं म्हणून काढली तरी काही पाप नाही, बरं का. हात आपले आहेत.)

तोवर परत फुटलीच तर दाबून रस काढत बसायचं नाही. साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवायचं, कोरडी पट्टी बांधायची, हळद-राख-रॉकेल काही लावायचं नाही, आणि एक-दोन दिवसांत डॉक्टरला दाखवायचं. बोट लाल झालं, गरम झालं, ठणकायला लागलं, सांधा वाकवताना जीव गेला, ताप आला, यातलं काहीही झालं तर उद्यावर टाकायचं नाही. त्याच दिवशी निघायचं. रात्र असली तरी.

कधी करायचं याचा विचार मी तुझ्यासाठी करून ठेवलाय, कारण शहरातला डॉक्टर हा विचार करणार नाही. तो म्हणेल पुढच्या मंगळवारी या. त्याला काय माहीत मंगळवारी तुझ्या घरी काय असतं. टाके पडल्यावर दहा ते चौदा दिवस हात कोरडा ठेवायचा असतो आणि त्यानंतरही काही आठवडे जपायचं असतं. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोह वेचायला जायचं. मेमध्ये तेंदूपत्ता, 70 पानांचा पुडा बांधताना तर सगळा जोर अंगठ्यावर आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांवर येतो. ते दिवस कुणी सोडत नाही आणि मीही सोड म्हणणार नाही, वर्षाची मीठ-मिरची त्यातूनच येते. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणा. दिवसभर बांधीत चिखलात हात. ताजी जखम घेऊन त्या पाण्यात हात घालायचा म्हणजे पू होणार हे लिहून घे. शिवाय पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नाही. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी आपण दर वर्षी वाचतो. टाके काढायच्या दिवशी नाला चढला तर काय करशील? मग दिवाळीच्या आगेमागे धान कापणी, मळणी.

उरले जानेवारी-फेब्रुवारी. धान घरात आलेलं असतं, मोहाला अवकाश असतो, हवा थंड नि कोरडी असते, घाम कमी, माशा कमी. झाडीपट्टीची नाटकं जोरात असतात, त्यामुळे घरातली माणसं तशीही रात्री जागीच असतात आणि दिवसा तुला कामाला लावायच्या मनःस्थितीत नसतात. तू पण जा नाटकाला. फक्त टाळ्या वाजवू नकोस, हात उंच धरून बस. आणि मोह सुरू होईस्तोवर बोट कामाला येतं. अर्थात संसर्ग झाला तर हे वेळापत्रक फाडून टाकायचं, तेव्हा रोवणा असो की लग्न.

कुठे करायचं? हे ऑपरेशन लहान आहे, पण ज्या जागी करायचं ती जागा नाजूक आहे. बोट सरळ करणारी दोरी, म्हणजे स्नायूबंध, नेमकी तिथेच हाडाला चिकटलेली असते, आणि नखाचं मूळ तिच्यापासून काही मिलिमीटरवर. दोरीला इजा झाली तर बोटाचं टोक खाली लोंबतं. नखाच्या मुळाला झाली तर नख कायमचं वाकडं. म्हणून हाडांचे किंवा प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर, त्यातही हाताची कामं नेहमी करणारे मिळाले तर उत्तम. गडचिरोलीला जिल्हा रुग्णालय आहे. चंद्रपूरला 2015 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. नागपूरचं मेडिकल तर 1947 चं, आपल्या आजोबांच्या पिढीपासून विदर्भ तिथंच जातो. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. बंग दांपत्याच्या सर्च संस्थेचं शोधग्राम गडचिरोलीजवळच आहे आणि तिथल्या माँ दंतेश्वरी दवाखान्यात बाहेरगावचे शल्यचिकित्सक शिबिरांना येतात. हेमलकशाला लोकबिरादरीचा दवाखाना आहे, बाबा आमट्यांनी 1973 मध्ये सुरू केलेल्या आणि डॉ. प्रकाश व मंदाकिनी आमट्यांनी वाढवलेल्या कामातून उभा राहिलेला. पण शिबिरात ऑपरेशन करायचं असेल तर एक गोष्ट आधीच विचारून घे, डॉक्टर परत गेल्यावर टाके कोण काढणार आणि काही बिघडलं तर कुणाला दाखवायचं. कुठंही जा, निघायच्या आधी फोन करून विचार की बोटाच्या शस्त्रक्रियेचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात. ऐंशी किलोमीटर बसने जाऊन "साहेब सुट्टीवर आहेत" ऐकायची आपल्याला काही हौस नाही.

डॉक्टरांसमोर बसलीस की लाजू नकोस. जावईबापू बोलायला लागले तर त्यांना बोलू दे, पण बोट तुझं आहे, तू विचार. नुसती गाठ काढणार की हाडाचं टोकही घासणार? वरची कातडी पातळ आहे, ती गेली तर झाकणार कशाने? कधी शेजारची कातडी थोडी सरकवून आणतात, क्वचित दुसरीकडचा लहान तुकडा लावतात. हे आधी माहीत असलं की पट्टी सोडल्यावर मोठी जखम बघून चक्कर येत नाही. काही डॉक्टर गाठीच्या कातडीला हातच लावत नाहीत, आतला देठ तोडून हाडाचं टोक काढतात आणि गाठ आपोआप सुकते. तीही चांगली पद्धत आहे. काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना, हेही विचार.

आणि त्यांनी विचारलं नाही तरी तू सांगायच्या गोष्टी. साखर असेल तर सांग. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सांग, स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. कुठल्या इंजेक्शनने कधी अंगावर गांधी उठल्या असतील तर सांग. आणि सिकलसेल. हे आपल्याकडच्या प्रत्येकीने सांगायला हवं आणि बाहेरचा डॉक्टर विचारेलच याची खात्री नाही. आपल्या भागात सिकलसेल घरोघरी आहे; पिवळं किंवा लाल कार्ड मिळालं असेल तर सोबत ने, तपासणी झालेली नसेल तर करून घे. बोटाचं ऑपरेशन करताना रक्त येऊ नये म्हणून बोटाच्या मुळाशी रबर आवळतात. सिकलसेल असलेल्या माणसात रक्त असं अडवायचं तर डॉक्टरांना जास्त काळजी घ्यावी लागते किंवा रबर न लावताही काम करता येतं. त्यांना माहीतच नसेल तर ते काळजी कशी घेणार?

जायच्या आदल्या दिवशी नेलपॉलिश पुसून टाक, मेंदी लावू नकोस. बोटाच्या टोकाचा रंग बघून रक्त पोचतंय का ते त्यांना कळतं. अंगठी आणि त्या हातातल्या बांगड्या घरीच काढ. लग्नातली अंगठी निघत नाही म्हणून तशीच गेलीस आणि ऑपरेशननंतर बोट सुजलं, तर ती कापून काढावी लागेल. साबण लावून काढ, आजपासून प्रयत्न सुरू कर.

ऑपरेशनचं म्हणशील तर सगळ्यात जास्त दुखतं ते सुरुवातीचं बधिर करण्याचं इंजेक्शन. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना टोचतात, आग होते, बोट फुगल्यासारखं वाटतं. तेवढा वेळ श्वास मोजत राहायचं. मग काही मिनिटांनी बोट आपलं राहत नाही. कुणीतरी ओढतंय, दाबतंय हे कळतं, दुखत नाही. दुखलं तर लगेच सांगायचं, आणखी औषध देता येतं, सहन करण्याचं बक्षीस कुणी देत नाही. झोपेचं इंजेक्शन लागत नाही, त्यामुळे घरी त्याच दिवशी येता येतं. वरच्या बाजूला लहानसा वळणदार छेद देतात, देठ शोधून सांध्यापर्यंत जातात, आवरणाचा खराब भाग काढतात, हाडाचं टोक कुरतडून गुळगुळीत करतात, टाके घालतात. अर्ध्या-पाऊण तासाचं काम. मी माझ्या वेळी पडद्यापलीकडे बघत होते आणि सिस्टरशी लाखोळीच्या भाजीवर बोलत होते.

पट्टी बांधायच्या आधी एक प्रश्न मोठ्याने विचार, "रबर काढला ना?" हसतील, हसू दे. बोटाला लावलेला रबर पट्टीखाली विसरला जाऊन बोट गमावण्याचे प्रकार जगात झालेले आहेत, म्हणून तर चांगल्या ठिकाणी तो मुद्दाम ठळक दिसेल असा लावतात.

बोट बधिर असेपर्यंत तुला वाटेल काही झालंच नाही. तेव्हाच घरी येऊन चूल पेटवायला बसू नकोस, बधिर बोट भाजलं तरी कळणार नाही. बधिरपणा उतरायच्या आधीच डॉक्टरांनी दिलेली गोळी घे. पहिली रात्र ठणकते. हात छातीच्या वर ठेवायचा, उशीवर उशी ठेवून झोपायचं, दिवसा फिरताना हात खाली लोंबकळत सोडायचा नाही. पट्टीबाहेरचं टोक निळं किंवा पांढरं पडलं, गार पडलं, किंवा गोळी घेऊनही ठणका वाढतच गेला तर पट्टी आवळलेली असेल. सकाळची वाट न बघता जायचं.

मग ते दोन आठवडे. सारवण नाही, धुणं नाही, भांडी नाही, गोठा नाही, हातपंपाचा दांडा नाही. तू म्हणशील प्लास्टिकची पिशवी बांधून करेन. पिशवीत घाम येतो आणि पट्टी ओली होते. आंघोळीपुरती ठीक, भांड्यांसाठी नाही. घरात दोन धडधाकट पुरुष आहेत ना? भात शिजवायला पदवी लागत नाही. पहिल्या दिवशी करपवतील, तिसऱ्या दिवशी जमेल. तुझं मन मात्र घट्ट कर, कारण त्यांचं जमेनासं दिसलं की उठून हातातून झारा घेणारी तूच असतेस. सासूबाईंशी मी बोलते. त्यांच्याही बोटांना त्याच गाठी आहेत, त्यांना कळेल.

अंगठ्याचं असेल तर अजून एक अडचण, ती कुणी सांगत नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावायचा कसा? घाबरू नकोस. छेद वरच्या बाजूला असतो, ठसा खालच्या बाजूला, त्यामुळे ठसा बदलत नाही. पट्टी असेपर्यंत दुसऱ्या बोटाचा ठसा चालतो किंवा घरातल्या कार्डावरच्या दुसऱ्या माणसाला पाठव. अंगठा हाताच्या निम्म्या कामाचा धनी, तो काही दिवस नसला की कळतं की साडीची निरीसुद्धा त्याच्यावाचून बसत नाही. गाऊन घालून राहा सरळ, कोण बघतंय.

टाके निघाले की डॉक्टर सांगतील तसं बोट वाकवायला सुरुवात कर. दुखतं म्हणून ताठ धरून बसलीस तर ते ताठच राहील. कोमट पाण्यात हात बुडवून सावकाश मूठ वळायची, उघडायची, पण जखम पूर्ण भरल्यावरच. सूज काही महिने थोडी थोडी राहते. नखाची पन्हळ लगेच जात नाही, नख महिन्याला साधारण तीनच मिलिमीटर वाढतं, तेव्हा संपूर्ण नवं नख यायला सहाएक महिने धर. रोवण्यापर्यंत नख सरळ दिसायला लागेल.

खोटी आशा मी देणार नाही. सांध्याची झीज या ऑपरेशनने जात नाही. थंडीत बोट कुरकुरेल, पेर जाड ते जाडच राहील, आणि उद्या दुसऱ्या बोटावर अशीच गाठ येऊ शकते. हाडाचं टोक नीट काढलं असेल तर त्याच जागी परत येणं मात्र कमी होतं, शंभरात मोजक्या जणींना. काहींचा सांधा आधीपेक्षा थोडा कमी वाकतो. तू सुईत दोरा ओवतेस, पुडे बांधतेस, तुला तेवढा फरक जाणवेल, म्हणून आधी सांगते. तरी फुटक्या गाठीपेक्षा तो परवडला.

तपासणीचा कागद आणायला विसरू नकोस. आपल्याकडे टाके निघाले की लोक दवाखाना विसरतात आणि तो कागद तिथंच खिडकीत पडून राहतो. बहुतेक वेळा त्यात साधी गाठ असंच लिहिलेलं असतं, पण ते वाचून, फोटो काढून मला पाठव, आणि मूळ कागद आधार कार्डासोबत पिशवीत ठेव. पौष लागला की मला फोन कर, मी दोन दिवस आधी येते. येताना माझा जुना सैल बाह्यांचा ब्लाऊज आणते, पट्टीचा हात त्यातून जातो.